हेजसाहेबांचं चरित्र आणि नेहेमायाचं मत

मिलब्रूक, ओहायो
१० जुलै १८७६

प्रिय केझाताई,

आधी बातमी, मग खुशाली. आमचे गव्हर्नर रदरफर्ड हेज राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आहेत! नाव जाहीर झालं त्या दिवशी मिलब्रूकमध्ये आधी गोऱ्यांच्या चर्चची घंटा वाजली आणि मागोमाग आपल्या लोकांच्या चर्चची. लव्हिनिया म्हणते, मी असा ओरडलो की पोरं टेबलाखाली जाऊन बसली. माझ्या आनंदावर पाणी टाकायची तिची सवयच आहे.

आम्ही गावातल्या काळ्या मतदारांचा ‘हेज क्लब’ काढला आहे. दर आठवड्याला बँड पुढे ठेवून मिरवणूक काढतो. शाळामास्तर म्हणून चिटणीसपद माझ्याकडे आलं. हेजसाहेबांचं चरित्र लिहून ते सभेत वाचायचं कामही माझ्याकडेच. तुला दक्षिणेत हे कोण सांगणार? म्हणून थोडक्यात लिहितो.

जन्माला येण्याआधीच त्यांचे वडील गेले. आईने आणि मामाने वाढवलं. पुढे सिनसिनाटीत वकिली करताना, ओहायो नदी ओलांडून गुलामीतून पळून आलेल्या आपल्या लोकांच्या बाजूने ते कोर्टात उभे राहिले. ताई, आईने मला पाठीशी बांधून तीच नदी ओलांडली. तुला त्याआधीच खाली लुईझियानाला विकलं होतं. मरेपर्यंत आई तुझं नाव घेत होती, आणि चर्चच्या वर्तमानपत्रात तुझ्या शोधासाठी मी दिलेली जाहिरात वाचून तुझं उत्तर आलं तेव्हा ते वाचायला ती नव्हती. त्या नदीच्या अलीकडच्या काठावर असे वकील होते, हे मी सभेत दोनदा वाचणार आहे.

उत्तर-दक्षिण लढाईत ते उत्तरेकडून लढले, पाच वेळा जखमी झाले. डावा हात गोळीने मोडला, तरी जमिनीवर पडून हुकूम देत राहिले. लढाई चालू असताना निवडणुकीसाठी घरी बोलावलं, तर त्यांनी कळवलं की रणांगण सोडून मतं मागायला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्याची चामडी सोलली पाहिजे. गव्हर्नर झाल्यावर त्यांनी आपल्या मताच्या हक्काची बाजू घेतली. पत्नी लुसीबाई दारूचा थेंब घरात येऊ देत नाहीत, टेबलावर सरबत ठेवतात.

नेहेमायाभाऊजींना सांग, आजूबाजूच्या सगळ्या माणसांना घेऊन मतदानाला जायचं. लुईझियाना आपल्याकडे आलं पाहिजे.

तुझा भाऊ,
सायरस


सेंट ऑल्बन परगणा, लुईझियाना
२ सप्टेंबर १८७६

सायरस,

पत्र पोचलं. पोरं टेबलाखालून निघाली असतील अशी आशा आहे.

तुझ्या हेजसाहेबाच्या जखमा मी नेहेमायाला दोनदा वाचून दाखवल्या. तोही उत्तरेच्या फौजेचा निळा गणवेश घालून लढलेला, त्याला अशा गोष्टीत रस. ऐकून म्हणाला, “त्यातली एखादी पाठीवर आहे का, विचार तुझ्या भावाला. पाठीवर नसेल तर माणूस बरा.”

तुझ्या क्लबाची मिरवणूक निघते म्हणतोस, पुढे बँड. मिरवणूक आमच्याकडेही निघते. रोज दुपारी डेव्हरोच्या गोदामापासून बंदूकवाले घोड्यावर बसून निघतात आणि आमच्या दारासमोर आले की घोडे हळू करतात. बोलत काही नाहीत. नुसता टोपीला हात लावतात. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परवा आमचा जमीनमालक डेव्हरो स्वतः बांधावर आला. कपाशीकडे बघत म्हणाला, “नेहेमाया, पीक झकास आहे रे यंदा. वेचणीपर्यंत तू असलास म्हणजे मिळवली.”

नेहेमाया म्हणाला, “कुठे जाणार मालक? मतदान झालं की परत इथेच.”

मी दारात उभी होते. मला भीती वाटली आणि त्याच वेळी नेहेमायाचा असा अभिमान वाटला की काय सांगू. डेव्हरो हसला. त्याचे दात फार चांगले आहेत.

तू ‘सगळ्या माणसांना घेऊन जायचं’ असं लिहितोस, जशी काही ती चर्चची सहल आहे. गेल्या निवडणुकीत जे गेले त्यातल्या काहींच्या बायका आता माझ्यासोबत कपडे धुतात, विधवा म्हणून. तरी नेहेमाया जाणार आहे. त्याला कोणी सांगायला नको, तुझ्या क्लबानेही नको. पण त्याचा एक प्रश्न आहे आणि तो मी त्याच्याच शब्दात लिहिते: “आम्ही जीव धोक्यात घालून या माणसाला खुर्चीवर बसवला, तर हा आमच्या पाठीशी उभा राहील का?”

होय की नाही, एवढंच लिही. चरित्र नको.

केझाया


मिलब्रूक, ओहायो
१ ऑक्टोबर १८७६

प्रिय ताई,

होय.

तू एवढंच लिही म्हणालीस, पण मला राहवत नाही. माझ्यातर्फे भाऊजींना शब्द दे. हा पाठ दाखवणारा माणूस नाही. त्यांनी उमेदवारी स्वीकारताना लिहिलेलं पत्र मी क्लबात मोठ्याने वाचलं. त्यात प्रत्येक नागरिकाच्या हक्कांचं रक्षण करण्याचं स्पष्ट आश्वासन आहे. दक्षिणेला ‘प्रामाणिक आणि लायक स्थानिक सरकार’ मिळावं, असंही एक वाक्य आहे. लव्हिनियाने विचारलं, “लायक कोण ते ठरवणार कोण?” मी म्हणालो, बायकांना प्रत्येक वाक्यात शेपूट दिसतं. चिडली आहे. दोन दिवस कॉफी पातळ मिळते आहे.

चरित्राचा पहिला भाग सोबत पाठवतो. तुमच्या चर्चमध्ये वाचून दाखव. माणसांना बळ येईल.

तुझा,
सायरस


सेंट ऑल्बन परगणा
३ डिसेंबर १८७६

सायरस,

तुझा ‘होय’ मी नेहेमायाला सांगितला. चरित्र चर्चमध्ये वाचलंही. जखमांच्या ठिकाणी लोक ‘आमेन’ म्हणाले.

मतदानाच्या दिवशी सकाळी आमची माणसं चर्चपाशी जमली. नेहेमायाने सगळ्यांना बंदुका घरी ठेवायला लावल्या. “त्यांना निमित्त द्यायचं नाही,” म्हणाला. मग त्याने त्यांना पलटणीसारखं रांगेत उभं केलं आणि दलदलीच्या कडेने चालवत नेलं. मतदानकेंद्र मुद्दाम लांब, डेव्हरोच्या दुकानात ठेवलं होतं. आम्ही बायका मागून मक्याची भाकरी आणि पाणी घेऊन निघालो. शेजारचा जुबल एवढा आडदांड गडी, पण वाटेत दोनदा झाडीत जाऊन ओकला. परत येऊन रांगेत उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, त्याला लाज वाटू नये म्हणून.

दुकानाच्या ओट्यावर बंदूकवाले दाटीने उभे होते. त्यांच्यामधून एकेकाने अंग चोरून आत जायचं. नेहेमाया अंग चोरून गेला नाही. तो सरळ चालला, आणि त्यांनाच वाट द्यावी लागली. सगळ्यांनी मत दिलं, सायरस. सगळ्यांनी.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, सरकी काढायच्या कारखान्यासमोर त्यांनी गोळ्या झाडल्या. जुबलचा धाकटा भाऊ जागीच गेला. नेहेमायाच्या मांडीत गोळी बसली. हाड वाचलं.

मग चौकशी निघाली. उत्तरेतून तुमच्या पक्षाचे बडे लोक न्यू ऑर्लिन्सला आले. मतं खरी कोणाची, दहशत कोणी घातली, याची साक्ष हवी होती. परगण्यातून जायला कोणी तयार होईना. नेहेमाया काठी टेकत बोटीत बसला. भरलेल्या खोलीत त्याने नावं घेतली, डेव्हरोचंही. पॅन्टचा पाय वर करून जखम दाखवली. एक साहेब त्याला म्हणाला, “पर्सल, देश तुमचं हे धैर्य विसरणार नाही.” दुसऱ्या दिवशी साक्ष वर्तमानपत्रात आली, नावगावासकट. आता देशाबरोबर आमचा परगणाही विसरणार नाही.

तो परत आला आहे. कपाशी आम्ही बायकांनी वेचली. गावात निळ्या डगल्यातले थोडे शिपाई आहेत, तोवर घोडेवाले लांबून जातात. नेहेमाया मला चिडवतो, “एवढी काळजी कसली? तुझ्या भावाने शब्द दिलाय ना!”

केझाया


मिलब्रूक, ओहायो
६ मार्च १८७७

प्रिय ताई आणि भाऊजी,

जिंकलो! महिनोन्‌महिने वाद, आयोग, रात्रंदिवस तारा, आणि शेवटी एका मताने हेजसाहेब राष्ट्राध्यक्ष झाले. एका मताने! आणि लुईझियानाची सगळी मतं त्यांच्याकडे मोजली गेली. भाऊजी, तुमच्या साक्षीवाचून ती मोजलीच गेली नसती. मी क्लबात उभा राहून म्हणालो, “मंडळी, या देशाचा राष्ट्राध्यक्ष माझ्या मेव्हण्याने बसवला आहे.” लोकांनी टोप्या उडवल्या. मायरामावशी, जी सगळ्या गावाचं धुणं धुते, रडत होती.

वॉशिंग्टनमध्ये एका हॉटेलात दक्षिणेतल्या पुढाऱ्यांशी काही सौदा झाला, शिपाई मागे घ्यायचं ठरलं, असं काही वर्तमानपत्रं छापतात. हरलेल्या पक्षाची पत्रं आहेत, दुसरं काय छापणार? उलट राजधानीचा मार्शल, म्हणजे कायद्याचा बडा अंमलदार म्हणून आपल्यातल्याच एका थोर माणसाची नेमणूक होणार असं ऐकतो.

भाऊजी, आता पाय पसरून विश्रांती घ्या. चरित्राच्या शेवटच्या भागात मी तुमचं नाव घालणार आहे.

आपला,
सायरस


सेंट ऑल्बन परगणा
२० मे १८७७

नेहेमाया पर्सलच्या मेव्हण्या,

अशी सुरुवात केली कारण तू आता कोणाचा मेव्हणा नाहीस. नेहेमायाला मारलं.

एप्रिलच्या शेवटी न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी इमारतीसमोरून शिपाई निघाले, बँड वाजवत आपल्या बराकीत गेले. हुकूम तुझ्या हेजसाहेबाचा. आमच्या गावातले त्याच्याही आधी गेले होते. त्यांच्यातला एक आयरिश पोरगा आमच्याकडे अंडी घ्यायला यायचा. जाताना नेहेमायाला म्हणाला, “तूही जा रे बाबा. इथे थांबू नकोस.” नेहेमायाने त्याला विचारलं, “हुकूम खरंच त्यानेच दिला?” पोरगा म्हणाला, “सही त्याचीच.”

त्या दिवशी नेहेमाया जेवला नाही. अंगणात बसून होता. मी म्हटलं, चल, ओहायोला जाऊ, सायरसकडे. म्हणाला, “पेरणी झाली आहे, केझा. आणि मी काय चोरी केली?”

नवीन शेरीफ आला. कोण, तर घोड्यावरून टोपीला हात लावणाऱ्यांतला एक. बुधवारी सकाळी नेहेमाया नावेच्या धक्क्यावर पीठ आणायला गेला. चांगलं ऊन होतं, माणसं होती, नाव लागत होती. त्यांनी त्याला नावाने हाक मारली. तो वळला. गोळ्या समोरून लागल्या आहेत. मी अंघोळ घालताना पाठ पाहिली, पाठीवर एकही नाही.

धक्क्यावरचा एकही माणूस साक्ष द्यायला तयार नाही, आणि मी कोणाला दोष देत नाही. साक्ष दिल्यावर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. डेव्हरो घरी आला, टोपी काढून. म्हणाला, “वाईट झालं. पीक वेचेपर्यंत तू राहू शकतेस.” मी त्याला म्हटलं, “माझ्या अंगणातून चालता हो.” हे अंगण त्याचंच आहे. तरी गेला.

तुझ्या चरित्राच्या शेवटच्या भागात नेहेमायाचं नाव येणार होतं. आता काय लिहिणार? जखमा त्यालाही मोजून पाच झाल्या.

केझाया पर्सल


मिलब्रूक, ओहायो
१२ जून १८७७

ताई,

काय लिहू? लव्हिनिया दिवसभर स्वयंपाकघरात बसून आहे. शाळेतून मी पोरांना लवकर घरी सोडलं.

पण रागाच्या भरात एका माणसावर सगळा दोष टाकू नकोस. मी सगळं बारकाईने वाचलं. तुमच्याकडच्या पुढाऱ्यांनी हेजसाहेबांना वचन दिलं होतं की काळ्या माणसाच्या केसालाही धक्का लागणार नाही. त्यांनी विश्वास ठेवला. त्यांची फसवणूक झाली आहे. चांगल्या माणसाला वाईटपणा पटकन दिसत नाही. वेळ दिला पाहिजे. त्यांना सगळं कळेल तेव्हा ते स्वस्थ बसणार नाहीत.

तू इकडे निघून ये. घर लहान आहे, पण तुझंच आहे.

सायरस


सेंट ऑल्बन परगणा
८ जुलै १८७७

सायरस,

फसवणूक झाली? त्याची?

तो कुठे झोपतो, सायरस? पांढऱ्या महालात. जेवतो काय? तूच लिहिलं होतंस, लुसीबाईंच्या टेबलावर दारूऐवजी सरबत असतं. ज्याची फसवणूक झाली तो चर्चमागच्या मातीत आहे, आणि त्याच्या कबरीवर लाकडी फळी लावली तर ती कोणीतरी उपटून नेतं.

ज्या लोकांनी नेहेमायाच्या मांडीत गोळी घातली त्यांनी ‘आता नाही घालणार’ म्हटलं, आणि साहेबांना ते पटलं. नेहेमायाने शपथ घेऊन सांगितलेलं मात्र फक्त मतं मोजण्यापुरतं पटलं. मोजणी झाली, मग तो खोटा की खरा, कोणाला पडलंय? तुला वेळ द्यायचा असेल तर तुझा दे. माझ्याकडचा संपला.

मी ओहायोला येणार नाही. तिथे मला तुझं चरित्र ऐकावं लागेल. आणि त्या माणसाची बाजू घेऊन लिहायचं असेल तर मला लिहू नकोस.

केझाया


मिलब्रूक, ओहायो
२० ऑक्टोबर १८७७

केझाताई,

तू लिहू नकोस म्हणालीस म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आज लिहितो, कारण आता मी त्या माणसाची बाजू घेत नाही.

सप्टेंबरात हेजसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर गेले. अटलांटाचं भाषण वर्तमानपत्रात आलं. आपल्या लोकांना उद्देशून ते म्हणाले की, सरकारने मध्ये पडणं थांबवलं तर तुमचे हक्क दक्षिणेतल्या सुशिक्षित गोऱ्यांच्या हाती जास्त सुरक्षित राहतील. गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ते तीनदा वाचलं. मला वाटलं होतं, त्यांना माहीत नाही. ताई, माहीत नसलेला माणूस असं बोलत नाही. मला इतका संताप आला की वर्गातली खुर्ची मी भिंतीवर आपटली. पोरं पाहतच राहिली.

गेल्या शनिवारी क्लबाचं वार्षिक जेवण होतं. अध्यक्षस्थानी हॉलकॉम्बसाहेब, आमच्या शाळेच्या समितीचे मुख्य, गोरे, पक्षातलं वजनदार नाव. भिंतीवर राष्ट्राध्यक्षांची तसबीर, तिला फुलं. माझं चरित्रवाचन.

मी सगळं वाचलं. बाप नसलेलं बालपण, नदीकाठचा वकील, मोडलेला हात. खोटं त्यात काहीच नव्हतं, म्हणून एक ओळही वगळली नाही. लोक खूश होते, हॅम वाटलं जात होतं. मग मी म्हणालो, “आता शेवटचा भाग.” आणि नेहेमाया पर्सल कोण, ते वाचायला लागलो. रांग, ओटा, कारखाना, साक्ष. तुझीच वाक्यं होती, ताई, मी एकही सजवलं नाही.

शिपाई निघाले इथवर आलो तेव्हा हॉलकॉम्बसाहेबांनी चमचा ग्लासावर वाजवला. “सायरस, जेवण थंड होतंय. हे जाऊ दे आता.”

मी म्हणालो, “थोडंच राहिलंय, साहेब.”

“ही जागा नाही यासाठी.”

“मग कुठली जागा आहे? सांगा, तिथे जाऊन वाचतो.”

ते उठले आणि म्हणाले, “राष्ट्राध्यक्षांचा अपमान मी माझ्यासमोर होऊ देणार नाही.”

“मी त्यांनी काय केलं ते सांगतोय. त्यात अपमान असेल तर तो माझा नाही.”

मागून मायरामावशीचा आवाज आला, “वाच रे मास्तर. बसा साहेब, नाहीतर जा. आम्हाला ऐकू येत नाहीये.”

हॉलकॉम्बसाहेब गेले. त्यांच्यामागून क्लबाचे निम्मे सभासदही गेले. त्यातल्या कुणाची नोकरी त्यांच्या गिरणीत, कुणाचं घर त्यांच्या जागेत. मी उरलेल्यांसाठी शेवटपर्यंत वाचलं. धक्का, ऊन, हाक मारल्यावर वळणं. वाचून झाल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. लोक उभे राहिले, आणि बराच वेळ उभेच होते.

घरी जाताना लव्हिनिया म्हणाली, “आज पहिल्यांदा तुझं भाषण लांबलं असं वाटलं नाही.”

सोमवारी शाळेच्या दाराला नवीन कुलूप होतं. आता मी लोकांची कुंपणं रंगवतो. राग अजून उतरलेला नाही आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

सायरस


सॉलोमन नदीचं खोरं, कॅन्सस
१६ सप्टेंबर १८७९

सायरस बाळा,

वरती गावाचं नाव लिहिलं नाही, कारण गावाला नाव नाही. त्याचीच हकीगत सांगते.

मार्चमध्ये आम्ही परगण्यातली माणसं लुईझियाना सोडून निघालो हे तुला सेंट लुईहून कळवलं होतंच. मिसिसिपीच्या काठावर आम्ही उघड्यावर बसलो होतो आणि बोटी आम्हाला न घेता पुढे जायच्या. कप्तानांना मालकांची तंबी होती, आमचे मजूर नेऊ नका. तिथेही बंदूकवाले येऊन गेले. “कुठे निघालीस?” एकाने विचारलं. मी म्हटलं, “तुम्ही नाही तिथे.” जुबलने मला मागे ओढलं. शेवटी एका कप्तानाला दया आली की लाज, देव जाणे, त्याने फळी टाकली.

इथे झाड म्हणून नाही. जमिनीत खड्डा खणून, वर गवताची ढेकळं रचून राहतो. पावसात छपरातून साप पडतो. पण घोडे हळू करत दारावरून कोणी जात नाही. पहिल्या महिन्यात मी दचकून उठायचे, इतकं शांत असायचं.

तर ऐक. परवा रविवारी प्रार्थनेनंतर सगळे उघड्यावर जमले, गावाला नाव द्यायला. रेव्हरंड स्टोकली उभे राहिले आणि म्हणाले, “मी सुचवतो, हेज. राष्ट्राध्यक्षांचं नाव दिलं की पोस्ट ऑफिस लवकर मिळेल. सरकारची नजर चांगली राहील.”

काही माना हलल्याही. थकलेल्या माणसांना पोस्ट ऑफिस हवं असतं. मी मागे पोरांना पाणी देत होते. मला काय झालं कळलं नाही, पण हातातलं डबडं खाली ठेवून मी पुढे गेले.

“रेव्हरंड, तुम्ही तुमच्या अंगणातून का पळालात?”

“केझाबाई, तो प्रश्न वेगळा—”

“वेगळा कसा? इथे एकजण तरी असा आहे का, जो हौसेने या ओसाड माळावर आला? ज्याने आपल्याला या खड्ड्यात आणून बसवलं त्याचं नाव मी माझ्या दारावर लावू? उद्या इथलं पोर कुठे जन्मलं विचारलं, तर मी त्याचं नाव सांगू? त्याने शिपाई परत बोलावले तेव्हा त्याची नजर कुठे होती?”

“देव क्षमा करायला सांगतो, भगिनी.”

“क्षमा मागायला आला तर बघू. आधी येऊ तर द्या!”

लोक हसले. मी हसत नव्हते. मग मी म्हटलं, “तुम्हाला पोस्ट ऑफिस हवं असेल तर घ्या. पण माझ्या नावाने येणारं पत्र त्या नावाखाली आलं, तर मी ते न उघडता परत पाठवीन.”

रेव्हरंड म्हणाले, ठीक आहे, मत घेऊ. हेज नाव नको असेल त्यांनी हात वर करावा. आणि ते फक्त पुरुषांचे हात मोजत पुढे निघाले. तेव्हा जुबल उठला. तोच, जो मतदानाला जाताना झाडीत ओकला होता. म्हणाला, “रेव्हरंड, पहिल्यापासून पुन्हा सुरू करा. त्या दिवशी भाकरी घेऊन मागून चालत आल्या त्या कोण होत्या? बायकांचे हातही मोजायचे. नाहीतर मोजायचंच नाही.”

कुरकुर झाली. पण मोजले.

ते नाव हरलं, सायरस. मोठ्या फरकाने हरलं. दुसरं कोणतं द्यायचं यावर अजून भांडण चालू आहे, आणि मला त्यात काही घाई नाही. खोऱ्यात केझाया पर्सल कुठे राहते विचारलं की कोणीही दाखवतं.

इथे शाळा सुरू करायची आहे. छप्पर नाही, पाट्या नाहीत, मास्तर नाही. समिती आहे, आणि तिच्यात मी आहे. तुला कुंपणं रंगवण्यापेक्षा हे बरं वाटत असेल तर थंडीच्या आत लव्हिनियाला आणि पोरांना घेऊन ये. लव्हिनियाला सांग, ती म्हणेल ते वाक्य इथे कोणी शेपूट म्हणून झटकणार नाही.

परवा रात्री मला झोप आली नाही. रागाने नव्हे. नेहेमायाने मत दिलं तेव्हा मी बाहेर उभी होते, भाकरीचं टोपलं धरून. माझं मत या जन्मात कोणी विचारलं नव्हतं. परवा मी हात वर केला, तो मोजला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळ झाली तर आम्ही सगळे जिवंत होतो.

तुझी बहीण,
केझाया